मागची डावी बाजू

अक्का, आवाज होता.

बाकीचं नंतर बोलू. आधी हे एक तुमच्या कानावर घालते, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि अर्धवट भांडण मला सोसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. गाडीच्या मागच्या डाव्या बाजूला आवाज होता. माझ्या डोक्यात नव्हता. काल गॅरेजवाल्या सेल्वमने तो ऐकला, शोधला आणि घालवला. तुम्ही असतात तर मी गॅरेजमधूनच फोन लावला असता आणि पुढचा आठवडाभर तुम्हाला तोंड उघडू दिलं नसतं. फोन हातात घेतलाही होता. मग तसाच पर्समध्ये टाकला.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही. तेराव्याला मी आले होते. तुमच्या घरी एवढी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. सगळे आडनावाने राव, बऱ्याच जणांचं नाक तुमच्यासारखं, आणि सगळे तमिळमध्ये बोलत होते. कोपऱ्यात दोघीतिघी म्हाताऱ्या तेवढ्या तुमच्या मराठीत हळूहळू काहीतरी सांगत होत्या. ते कानावर पडलं आणि मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. तर त्या मला बघून सावरून बसल्या आणि मला तमिळ समजून तमिळमध्ये बोलायला लागल्या, पाहुणीला अवघडल्यासारखं नको म्हणून. त्यांतल्या एकीने तुमच्या मुलीला, भारतीला विचारलं, ही कोण. भारती म्हणाली, ‘अम्माज कारपूल फ्रेंड.’ बरोबरच होतं की तिचं. दुसरं ती काय म्हणणार? सहा वर्षं आपण काय करत होतो त्याला नाव काय, हे मला तरी कुठे सांगता आलं असतं? मी पानावर बसले, पायसम घेतलं, आणि कारपूल फ्रेंडने किती वेळ थांबायचं असतं ते न कळून लवकर निघाले.

तुमची माझी ओळख आईवरून झाली. माझ्या आईवरून. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात मी नवीन होते, कॅन्टीनमध्ये ताटावर बसून तासगावला आईशी फोनवर कडाकडा भांडत होते. इथे कुणाला मराठी कळतंय, अशा निर्धास्तपणाने. तर मागच्या टेबलावरून आवाज आला, ‘आईशीं असें बोलूं नये गे.’ माझ्या हातातला फोन सांबारात पडायचा राहिला. अकाउंट्समधल्या मीनाक्षी मॅडम, केसात मल्लिपूचा गजरा, समोर दहीभात, तोंडात मराठी. तीही अशी की मी शाळेच्या पुस्तकात तरी वाचली होती की नाही कोण जाणे. तुम्ही म्हणालात, आमचे लोक राजांच्या पाठोपाठ तंजावरला आले, ते परत गेलेच नाहींत. मी विचारलं, तुम्ही महाराष्ट्र पाहिलाय? तुम्ही म्हणालात, ‘नाहीं. तूं तंजावर पाहिलंस का?’ झालं. पहिल्याच दिवशी बरोबरी.

दोघीही अण्णा नगरच्या निघालो आणि माझ्याकडे गाडी होती, म्हणून तुम्ही माझ्याबरोबर यायला लागलात. पहिल्या दिवशी तुम्ही पुढे बसलात. पाडीच्या पुलापासून रेड हिल्सच्या तळ्यापर्यंत तुमचा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता आणि समोर लॉरी आली की तुम्ही देवाचं नाव घेत होतात. दुसऱ्या दिवशी मी पुढचं दार उघडून धरलं, तर तुम्ही मागचं उघडून आत शिरलात. ‘पुढें बसलें की गाडी मीच चालवतें. मज दमायला होतें.’ त्यानंतर तुम्ही कधी पुढे बसला नाहीत. मागची डावी जागा तुमची. टिफिन मांडीवर, कॉफीचा थर्मास पायाशी, पाय थोडे उजवीकडे पसरून. रोज आत बसलात की भारतीला फोन करायचात, ‘उक्कांदुट्टेन.’ बसले, एवढंच. मग फोन ठेवून मला सांगायचात, ‘बसलें गे. चल.’ तुम्ही ‘बसलें’ म्हणेपर्यंत मी गिअर टाकत नसे. एकदा घाईत टाकला होता, तर तुमची साडी दारात अडकली आणि ते तुम्ही मला वर्षभर ऐकवलंत.

आणि तुमच्याशी बोलणं म्हणजे काय सोपं होतं? माझं नाव शीतल. ते तुम्ही ‘शीतळ’ करून टाकलंत आणि वर मलाच सांगितलंत की खरं तेच आहे. मी ‘टाईम झाला’ म्हटलं की तुम्ही मागून ‘वेळ’ म्हणायचात. आणि स्वतः दर वाक्यात दोन तमिळ शब्द. सकाळी फोन करायचात, ‘काय करूलालीस?’ मी म्हणायची, अक्का, हे असं नसतं, ‘काय करतेस’ असतं. तुम्ही म्हणायचात, ‘करूं लागलीस, त्याचें करूलालीस. तुमचें करतेस कुठून आलें तें सांग.’ ते मला आजतागायत सांगता आलेलं नाही. मागच्या आरशात तुमचा फक्त गजरा आणि अर्धा चष्मा दिसायचा. सहा वर्षं मी तुमच्या तोंडाकडे न बघता तुमच्याशी भांडले. घरच्या माणसांशीच असं भांडता येतं.

गाडी डावीकडे झुकलीय हे आधी सेल्वमने दाखवलं. पाडीच्या त्याच्या गॅरेजात सपाट जागेवर गाडी उभी केली आणि मागे जाऊन बघितलं, तर मागचा डावा कोपरा स्पष्ट खाली. शॉकअपमधून तेल गळत होतं आणि स्प्रिंग दमली होती. सेल्वम तमिळमध्ये काहीतरी म्हणाला आणि तुमच्याकडे बघून गप्प झाला. मी म्हटलं, काय म्हणतोय? तुम्ही तुमच्या भरलेल्या देहाकडे बघितलंत, गाडीच्या कोपऱ्याकडे बघितलंत, आणि गॅरेजमधली सगळी माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने हसलात. ‘मी बसून बसून गाडी बसवली म्हणतो गे! सरी, उद्यांपासून उजवीकडे बसतें. ती बाजूही नवी करून घे.’ दोन्ही बाजूंचं काम करून घेतलं. नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप. गाडी पुन्हा सरळ उभी राहिली.

त्याच आठवड्यात तुम्ही रिटायर झालात. शाल, हार, पितळी दिवा, साहेबांचं भाषण. तो दिवा मांडीवर घेऊन तुम्ही शेवटच्या दिवशी माझ्या गाडीतून घरी आलात आणि वाटेत एक शब्द बोलला नाहीत. मीही बोलले नाही. मला वाटलं, सोमवारी बोलू. मग लक्षात आलं की सोमवारी तुम्ही नसणार.

सोमवारी मी एकटी निघाले आणि रेड हिल्सच्या अलीकडच्या स्पीड ब्रेकरवर मागून आवाज आला. खुट. बारीक, कोरडा. कुणीतरी बोटाच्या पेराने दार वाजवावं तसा. पुढच्या खड्ड्यात पुन्हा, खुट. मी रेडिओ बंद केला, एसी बंद केला आणि गुम्मिडिपूंडीपर्यंत तो आवाज ऐकत गेले. काम केल्यावर आवाज यायला लागला, म्हणजे कामातच काहीतरी चुकलं. दुसरं काय असणार? माझं पोटच आवाजावर चालतं. कारखान्यात गिअरबॉक्स फिरवून त्याचा आवाज ऐकायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे माझं काम. मी ऐकलेल्या आवाजावर तिथे कुणी शंका घेत नाही.

शंका तुम्ही घेतलीत. मी फोन करून सांगितलं, तुम्ही म्हणालात, ‘येतें. ऐकतें.’ आणि आलात की! रविवारी टिफिन घेऊन आलात, ऑफिसला निघाल्यासारख्या. मागच्या डाव्या जागेवर बसलात. ‘बसलें गे. चल.’ आपण पार तळ्यापर्यंत जाऊन आलो. मी मुद्दाम खड्डे शोधून गाडी घातली. आवाज नाही. तुम्ही म्हणालात, ‘मज काहीं ऐकूं येइना.’ तुम्हाला घरी सोडलं, तुमच्या गल्लीच्या वळणावरच्या स्पीड ब्रेकरवरून गाडी गेली, आणि खुट! मी तिथेच थांबून तुम्हाला फोन केला. आत्ता आला, अक्का, आत्ता! तुम्ही अजून जिन्यातच होतात, धापा टाकत म्हणालात, ‘मी उतरल्यावर येतो होय? मग तो सत्तम नाहीं गे, चोर आहे.’ आवाजाला तुम्ही सत्तमच म्हणायचात.

पुढचे कित्येक रविवार हेच. तुम्ही यायचात, आवाज यायचा नाही. तुम्ही उतरलात की यायचा. मी चिडायची आणि तुम्हाला मजा वाटायची. खरं सांगते, त्या रविवारांची मी शुक्रवारपासून वाट बघत असे. आवाज सापडावा म्हणून की तुम्ही यावं म्हणून, ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आता विचारायची गरज राहिली नाही.

मग आपण सेल्वमकडे गेलो. त्याला मराठी येत नाही, हिंदीही नाही. माझं तमिळ कारखान्यापुरतं. बोल्ट, मशीन, आण, ने, थांब. मध्ये तुम्ही. तुम्ही मला विचारलंत, ‘कसा सत्तम? खडखड की करकर?’ मी म्हटलं, खुटखुट. ते तुम्ही तमिळमध्ये कसं सांगितलंत ते मला कळलं नाही, पण तुम्ही त्याच्या टेबलावर बोटाने वाजवून दाखवलंत एवढं आठवतंय. तो गाडी चालवायला बसला, मी त्याच्या शेजारी, तुम्ही अर्थातच मागे. चक्कर मारून आलो. आवाज नाही. सेल्वमने मान हलवली. पुन्हा गेलो, पुन्हा आवाज नाही. मग तुम्ही दोघं बोलत बसलात. तो बोलला, तुम्ही बोललात, तुम्ही हात नाचवलेत, तो हसला, तुम्हीही हसलात. मी बाजूला जुन्या टायरवर बसून दोघांकडे बघत होते. सगळं माझ्यावरच चाललंय एवढं दिसत होतं. तुम्ही आलात तेव्हा मी विचारलं, काय म्हणतो? तुम्ही म्हणालात, ‘नाहीं म्हणतो.’ अर्ध्या तासाच्या बोलण्याचं दोन शब्दांत भाषांतर!

परत आलो. तुमच्या दारात तुम्ही उतरलात, गाडीच्या टपावर हात ठेवून वाकलात आणि म्हणालात, ‘तुझ्या डोस्क्यांतला सत्तम आहे गे, शीतळ. घरीं एकटी राहूं नको.’

तुम्ही ते सहज म्हणालात. तुमच्या पद्धतीने, चिडवत. पण मला लागलं. या शहरात माझ्या घरी कुणी नाही, हे मला माहीत होतंच. पण त्यापायी मला नसलेले आवाज ऐकू येतात, असं तुम्हाला वाटतं? इतर कुणाला वाटलं असतं तर मी फिकीर केली नसती. मी ‘बरं’ म्हटलं आणि गाडी वळवली. वळणावर आवाज आला. मी फोन केला नाही. पुढच्या रविवारी तुम्हाला बरं नव्हतं, त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही दवाखान्यात होतात. तिथे मी आले तेव्हा भारती होती, डॉक्टर होते, नळ्या होत्या. गाडीचा विषय काढायची ती जागा नव्हती. तुम्ही गेलात आणि ते एक वाक्य माझ्याकडे राहिलं.

गेले काही दिवस कसे गेले सांगू? सकाळी निघते, तुमच्या गल्लीवरून जाते, एकटी गुम्मिडिपूंडीला पोचते. दिवसभर इंग्रजी आणि मोडकं तमिळ. संध्याकाळी परत. घरी आईचा फोन येतो तेवढंच मराठी, आणि त्यात जेवलीस का आणि लग्नाचं काय, एवढंच असतं. ‘शीतळ’ कुणी म्हणत नाही. ‘टाईम’ म्हटलं तर कुणी टोकत नाही. मी मुद्दाम म्हणून बघितलं, गाडीत, मोठ्याने. मागून फक्त खुट आलं.

आणि तुमचं ते वाक्य मला खरं वाटायला लागलं. फ्रीज वाजला की मी उठून बसायची. लिफ्टची करकर घरात ऐकू येते की मलाच, असं वाटायचं. कारखान्यात एक चांगला गिअरबॉक्स मी नापास केला आणि दुसऱ्या कुणी तपासून तो पास ठरवला. मी हादरले. माझ्याकडे दुसरं काय आहे इथे? कान आहेत म्हणून नोकरी आहे. अक्का म्हणाल्या ते खरं असेल, एकटं राहून माझे कानच बिघडले असतील, तर मग मी कशावर भरवसा ठेवायचा? शेवटी काल सुट्टी घेतली आणि सेल्वमकडे गेले. म्हटलं, एकदाचं काय ते होऊ दे. नसेल आवाज, तर नाही म्हणून मान्य करू आणि सामान बांधून तासगावला जाऊ.

सेल्वम मला बघून माझ्या मागे बघायला लागला. म्हणाला, ‘अम्मा वरलैया?’ अम्मा नाही आल्या का? त्याला माहीतच नव्हतं, अक्का. त्याला कोण कळवणार? मला कळवायला हवं होतं आणि त्यासाठी लागणारा शब्द मला येत नव्हता. कारखान्यात तो शब्द लागत नाही. आपल्याकडे ‘गेल्या’ म्हटलं की माणसाला कळतं, म्हणून मी तेच तमिळमध्ये केलं. म्हटलं, ‘अम्मा पोय्ट्टांगा.’ तो म्हणाला, ‘एंगे? बेंगळूरा?’ कुठे, मुलीकडे? मी पुन्हा तेच म्हटलं. तो पुन्हा म्हणाला, कुठे? मग मी बोट वर केलं. त्याने वर बघितलं. वर त्याची गाडी उचलायची लिफ्ट होती आणि लिफ्टवर कुणाची तरी लाल गाडी टांगलेली होती. तो त्या गाडीकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले, आणि स्टुलावर बसून राहिला. तुम्ही असतात तर हे भाषांतर असं झालं नसतं. पण तुम्ही असतात तर ते करावंच लागलं नसतं.

मग तो उठला आणि म्हणाला, चला. तो चालवायला, मी शेजारी. मागे कुणी नाही. पाडीच्या पहिल्याच स्पीड ब्रेकरवर, खुट.

सेल्वमने ब्रेक दाबला. माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. म्हणाला, ‘सत्तम.’ मी रडायच्या बेतात होते आणि हसत होते. तो म्हणाला, तुम्ही चालवा, मी मागे बसून ऐकतो. मागे जाऊन बसला, नेमका तुमच्या जागी. पुन्हा त्याच ब्रेकरवरून गाडी नेली. आवाज नाही. पुन्हा नेली. नाही. तो उतरून पुढे आला. खुट. मागे गेला. नाही. पुढे आला. खुट. तीन-चार वेळा असं झाल्यावर तो पुढच्या सीटवर मागे वळून त्या रिकाम्या जागेकडे बघत बसला आणि हळूच म्हणाला, ‘अम्मा.’

मला त्याच वेळी कळलं. काम करताना मागची डावी स्प्रिंग तिच्या खालच्या रबरात नीट बसली नव्हती, जरा फिरून राहिली होती. मागे वजन असलं की ती दबायची आणि गप्प बसायची. मागे कुणी नसलं की खड्ड्यात हलायची आणि वाजायची. आणि दर वेळी तपासायला आपण गेलो तेव्हा तुम्ही मागे होतात, अक्का. तुम्ही ऐकायला बसायचात म्हणून ऐकू यायचं नाही. तुम्हाला आवाज आला नाही हे खरं होतं. मला आला हेही खरं होतं. आपण दोघी एवढ्या भांडलो आणि दोघीही बरोबर होतो. गंमत म्हणजे तुम्हाला पुढे बसवलं असतं तर पहिल्याच रविवारी छडा लागला असता. पण मग दुसरा रविवार आला नसता.

सेल्वमने गाडी उचलली, चाक काढलं, स्प्रिंग सोडवून मला दाखवली. रबरावर ती घासल्याचा चकचकीत डाग होता. त्याला वाईट वाटत होतं, काम त्याचंच होतं. मी म्हटलं, असू दे. तो काम करता करता बोलत होता, तमिळमध्ये थोडं इंग्रजी मिसळून, मला कळावं म्हणून सावकाश. तुमच्याबद्दल बोलत होता. त्या दिवशी मी टायरवर बसले होते, तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणालात, ते सांगत होता. मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. आणि पुन्हा. पाठच झालं.

‘अंद पोण्णु सोन्ना, सत्तम इरुक्कु. नी सरिया पारु.’

ती मुलगी म्हणतेय म्हणजे आवाज आहे. तू नीट बघ.

तो म्हणाला, मी अम्मांना म्हटलं, तुम्हाला तरी ऐकू आला का? तर म्हणाल्या, मला नाही आला. माझ्या कानांचं काय घेऊन बसलास? ती दिवसभर आवाज ऐकते, तेच तिचं काम आहे. तिचे कान चांगले आहेत, तुझे हात बघ. आणि टेबलावर असं वाजवून दाखवलं. सेल्वमने बोटाच्या पेराने लिफ्टच्या खांबावर वाजवलं. खुट खुट. हुबेहूब होता, अक्का. मी सांगितलेला आवाज तुम्ही न ऐकता हुबेहूब वाजवून दाखवला होतात. नंतर दोनदा त्याला फोनही केला होतात म्हणे, बघितलंस का म्हणून. दवाखान्यात जायच्या आधी.

आणि मला येऊन सांगितलंत, ‘नाहीं म्हणतो’! त्याच्याशी तमिळमध्ये माझ्या बाजूने भांडायचं आणि मला मराठीत चिडवायचं. हे कुठलं शास्त्र? तंजावरचं असेल. मला एकदा सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी एवढे दिवस तुमच्यावर रुसून होते. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हाही आत थोडी रुसलेली होतेच. ते तुम्हाला दिसलं का? दिसलं असणार. आरशात तुम्ही मला अर्ध्या दिसायचात, तुम्हाला मी पूर्ण दिसत असेन.

गॅरेजात मी खूप रडले. सेल्वमने पंखा माझ्याकडे वळवला आणि कॉफी मागवली. तेराव्याला माझ्याने रडवलं नव्हतं, तिथे रडायला मी कोण होते? इथे निदान सेल्वमला माहीत होतं की आपण दोघी एकत्र यायचो.

काम झालं. गाडी खाली उतरली. सेल्वमने मागचा डावा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला, पुन्हा दाबून सोडला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, ‘उक्कांदुडुच्चु.’ बसली, स्प्रिंग जागेवर बसली. हा शब्द मला समजावून सांगावा लागला नाही. सहा वर्षं रोज सकाळी ऐकलाय.

तासगावचं सामान काही मी बांधलेलं नाही. कान शाबूत आहेत, नोकरी आहे, आणि आता तमिळ शिकणं आलं, कारण मधलं माणूस राहिलं नाही. सेल्वम म्हणाला, येत जा, शिकवतो. त्याचं तमिळ तुम्हाला चाललं असतं की नाही कोण जाणे. तुम्ही त्यातही चुका काढल्या असत्यात.

आज सकाळी निघाले. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी हात आपोआप वळले आणि गाडी तुमच्या दारात जाऊन उभी राहिली. दार बंद होतं, भारती बेंगळूरला गेली. उंबऱ्यासमोर कोलमची रांगोळी नव्हती. मी वळले. वळणावरच्या स्पीड ब्रेकरवरून गाडी गेली. कान तिकडेच होते. काही नाही. पहिल्यांदाच तुम्ही मागे नसताना काही वाजलं नाही. नीट झाली, अक्का. आता मागे कुणी असलं काय नि नसलं काय, गाडीला फरक पडत नाही.

मला ते सोसवेना. ब्रेकरच्या पुढे गाडी बाजूला घेतली, बंद केली, आरसा खाली वळवून तुमच्या जागेकडे बघितलं. मागून एक लॉरी हॉर्न वाजवत आली नि गेली. मी वाट बघितली. मग मीच म्हटलं, मोठ्याने, तुमच्यासारखा शेवटचा अनुस्वार नाकात धरून, ‘बसलें गे. चल.’

आणि गिअर टाकला.